बर्फ कुठंय?

राणीच्या बागेत पेंग्विनांच्या काचेपुढे पाच मिनिटं उभे राहा, हा प्रश्न दोन-तीनदा तरी कानावर पडतो. मुलं मोठ्यानं विचारतात, मोठी माणसं मनातल्या मनात. मला तो माझ्या पुतणीनं विचारला. मे महिना होता. पनवेलहून सकाळची गाडी धरून, कुर्ल्याला बदलून भायखळ्याला उतरेपर्यंत दोघांचेही कपडे अंगाला चिकटले होते. त्या गार खोलीत शिरल्यावर तिनं आधी 'हुश्श' केलं, मग काचेला नाक लावून आतलं सगळं न्याहाळलं. खडक, पाणी, काळे-पांढरे पक्षी.

"काका, बर्फ कुठंय?"

"वितळला असेल," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की परतीच्या गाडीत मी तो विषय काढला नाही.

नंतर घरी बसून वाचत गेलो. बर्फ वितळलेला नव्हता. तो तिथं कधी नव्हताच, आणि असायचं काही कारणही नाही. काचेमागचे ते पक्षी ज्या किनाऱ्यावरचे आहेत तिथं निवडुंग उगवतो. काही ठिकाणी तर ते निवडुंगाच्या बुडाशीच घरटं करतात.

त्यांचं नाव हम्बोल्ट पेंग्विन. उंची दोन-सव्वादोन फूट, वजन चार किलोच्या आसपास. देवघरातली मोठी समई उभी करावी एवढा जीव. सिनेमात बर्फावर ओळीनं चालणारे जे धिप्पाड पेंग्विन दिसतात ते एम्परर. ते जवळजवळ चार फूट उंच, आणि त्यांनीच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पेंग्विन म्हणजे बर्फ हे समीकरण पक्कं करून टाकलं आहे. जगात पेंग्विनाच्या अठरा जाती मानतात. त्यातल्या अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर घरटी करणाऱ्या जाती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथले रहिवासी. हम्बोल्टची सख्खी भावंडं तीन: आफ्रिकन, मॅजेलॅनिक आणि गालापागोस. त्यातला गालापागोस तर याच्याहूनही लहान आणि थेट विषुववृत्तावर राहणारा. उन्हात उभं राहायची वेळ आली की तो आपले पंख पुढे धरून स्वतःच्या पायांवर सावली पाडतो. उघडे पाय भाजू नयेत म्हणून!

आता घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या. आपलं पनवेल विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ १९ अंशांवर आहे. विषुववृत्ताचा आरसा धरून तेवढेच अंश दक्षिणेला, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलात तर चिलीतल्या आरिका या बंदराजवळ पोचाल. हे ठिकाण हम्बोल्ट पेंग्विनांच्या पट्ट्याच्या आतलं. ते याच्याही बरेच उत्तरेला, पेरूत पाच अंशांपर्यंत घरटी करतात. पेरूची राजधानी लिमा १२ अंशांवर आहे. म्हणजे लिमाच्या किनाऱ्यावरचा पेंग्विन आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जास्त जवळ राहतो. नुसता नकाशा पाहिला तर त्याच्यापेक्षा आपणच थंड प्रदेशातले!

मग पेरूत पेंग्विन आणि पनवेलच्या खाडीत नाही, असं का? सूर्य दोघांच्याही डोक्यावर तोच आणि तेवढाच तळपणारा. फरक आहे तो पाण्यात. मुंबईजवळचा समुद्र मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास तापतो आणि थंडीतही चोवीस-पंचवीसच्या खाली सहसा जात नाही. पेरूच्या किनाऱ्याचं पाणी एरवी सोळा ते वीस अंशांच्या दरम्यान असतं. पोहायला उतरलात तर दातावर दात वाजतील. हा पक्षी बर्फाचा नाही, थंड पाण्याचा आहे. एवढं एक वाक्य त्या काचेवर लिहिलं तर निम्मे प्रश्न मिटतील.

उष्ण कटिबंधात हे थंड पाणी आलं कुठून? त्यातलं थोडं दक्षिणेकडून, ध्रुवाच्या बाजूनं वाहत येतं. पण बरंचसं येतं खालून.

तापवून निवत ठेवलेल्या दुधावर साय धरते. पातेल्याच्या एका कडेनं हळूच फुंकर घाला. साय पलीकडे सरकते आणि या कडेला खालचं दूध वर दिसतं. पेरूच्या किनाऱ्यावर बाराही महिने अशीच फुंकर चालू असते. वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर वाहतो. तुम्ही म्हणाल, मग पाणीही उत्तरेकडेच सरकायला हवं. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे, आणि त्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्यानं ढकललेलं पाणी डावीकडे वळतं. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, डावीकडे पश्चिम. म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. वरचं ऊन खाल्लेलं पाणी असं किनारा सोडून निघून जातं, आणि त्याची जागा भरायला शे-दोनशे मीटर खालचं गार, काळोखातलं पाणी वर येतं.

हे खालचं पाणी नुसतं गार नसतं, ते खतावलेलंही असतं. समुद्रात जे जे मरतं ते खाली बसतं, कुजतं आणि त्याचं खत होतं. एरवी ते तळाशीच पडून राहिलं असतं. इथं ते वर उन्हात येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पतींचं रान माजतं, त्या वनस्पतींवर माशांचे थवे जगतात. मुख्य मासा अँकोव्हेटा. पनवेलच्या मासळी बाजारात वाटा लावून विकतात ती मांदेली याच कुळातली. चवीचं मला सांगता येणार नाही, पण कुळ एक. एकाच जातीच्या माशाची जगातली सर्वांत मोठी मासेमारी म्हणजे ही पेरूची अँकोव्हेटाची. पेंग्विन, पाणकावळे, पेलिकन आणि माणूस हे सगळे एकाच ताटात जेवतात.

आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०२ साली पेरूच्या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा त्यानं या पाण्याचं तापमान मोजलं आणि ते किती अजब आहे हे युरोपला सांगितलं. प्रवाहाला त्याचं नाव पडलं आणि पेंग्विनालाही. तिथल्या कोळ्यांना हा प्रवाह पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, आणि हम्बोल्टनं स्वतःही ते कबूल केलं होतं. नावं मात्र नकाशा काढणाऱ्यांचीच राहतात.

हाच थंड समुद्र तिथला पाऊसही अडवतो. गार पाण्यावरची हवा गारच राहते, वर चढत नाही, त्यामुळे ढग नुसते धुक्यासारखे लोंबत राहतात. आरिकात वर्षभरात सरासरी एक मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. पनवेलला पडतो सुमारे तीन हजार मिलिमीटर. आरशातल्या दोन गावांत एवढा फरक. तो लक्षात ठेवा, पुढं काचेच्या खोलीकडे आलो की लागणार आहे.

काही वर्षी ही फुंकर मंदावते. वारे दमतात, प्रशांत महासागराच्या पश्चिमेला साठलेलं उबदार पाणी पूर्वेकडे सरकत येतं आणि पेरूच्या किनाऱ्यावर पसरतं. हाच एल निन्यो. आपल्याकडे तो एप्रिल-मेमध्ये, हवामान खात्याच्या पावसाच्या अंदाजाबरोबर बातम्यांत येतो आणि ऐकणारा शेतकरी कपाळाला हात लावतो. स्पॅनिशमध्ये एल निन्यो म्हणजे बाळ, बाळ येशू. पेरूच्या कोळ्यांनी ते नाव दिलं, कारण हे उबदार पाणी नाताळच्या सुमारास यायचं. आणि गंमत पाहा, हम्बोल्ट पेंग्विनाचं तिकडचं नावही 'पाहारो निन्यो', म्हणजे बाळपक्षी. दुडुदुडु चालतो म्हणून. एक बाळ आलं की दुसऱ्या बाळाची उपासमार होते. मासे खोल पाण्यात किंवा दक्षिणेला निघून जातात, आईबाप घरटी टाकून अन्नामागे जातात, पिल्लं मरतात. वर त्या कोरड्या वाळवंटात अचानक धो धो पाऊस पडून बिळांत पाणी शिरतं. १९८२-८३ च्या एल निन्योत पेरूतले जवळजवळ दोनतृतीयांश हम्बोल्ट पेंग्विन कमी झाले.

आपल्या घरातल्या जुन्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. ती मिलो घशाखाली उतरायची नाही, असं माझी आई सांगायची. १९७२ हे एल निन्योचं वर्ष होतं. त्याच वेळी तिकडे पेरूत अँकोव्हेटाची मासेमारी कोसळली: १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात असलेली पकड १९७३ पर्यंत वीस लाख टनांच्या आसपास आली. अर्थात त्यात आधीच्या बेसुमार पकडीचाही हात होता, सगळं पाप समुद्राच्या माथी मारून चालणार नाही. आणि एल निन्यो आला की आपला पाऊस गेलाच असंही नाही. १९९७ चा एल निन्यो शतकातल्या जबर एल निन्योंपैकी एक होता, तरी त्या वर्षी आपला मोसमी पाऊस व्यवस्थित झाला. पेंग्विनांना मात्र ती सूट मिळाली नाही.

आता पक्ष्याकडे या. थंड पाण्यात तासन्‌तास मासे मारायचे आणि नंतर तापलेल्या खडकावर येऊन अंडी उबवायची, अशी त्याची दुहेरी नोकरी आहे. शरीरही त्याच बेतानं घडलं आहे.

अंगावरची पिसं आखूड, ताठ आणि दाट, मंगळुरी कौलांसारखी एकावर एक चढवलेली. प्रत्येक पिसाच्या बुडाशी मऊ लव असते आणि तिच्यात हवा अडकून राहते. ही हवा म्हणजे त्याची गोधडी. शेपटीच्या वर एक तेलाची ग्रंथी असते. तिला चोच लावायची आणि ते तेल सगळ्या अंगावर फिरवायचं, हा त्याचा सततचा उद्योग. काचेजवळ उभे राहिलात तर निम्मा वेळ ते हेच करताना दिसतात. पाणी पिसांवरून निथळून जातं, कातडी कोरडी राहते.

पाण्यातून बाहेर आला की हीच गोधडी उन्हात गळ्याशी येते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. मे महिन्यात दुपारी विजेच्या तारेवर चोच वासून बसलेला कावळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो धापा टाकून उष्णता बाहेर काढत असतो. हम्बोल्टही तसंच करतो, पण त्याच्याकडे आणखी दोन युक्त्या आहेत.

पहिली तोंडावर. चोचीच्या मुळाशी त्याची कातडी उघडी, गुलाबी असते, पिसांशिवायची. अंटार्क्टिकावरच्या अडेली पेंग्विनाची जवळजवळ निम्मी चोचसुद्धा पिसांनी झाकलेली असते, आणि याचा चेहरा बघा, खिडकी उघडी टाकल्यासारखा. अंग तापलं की त्या कातडीत रक्त जास्त धावतं, ती लालसर होते आणि उष्णता बाहेर पडते. पुतणीला ते 'लाजल्यासारखं' वाटलं. मला वाटलं, आमच्या प्रवासात आमचे चेहरेही तसेच झाले असतील.

दुसरी युक्ती पंखांत. पेंग्विनाचे पंख म्हणजे वल्हीच; पातळ, चपटे. थंड पाण्यात अशा पातळ अवयवातून शरीराची उष्णता भराभर निघून जायची. ती जाऊ नये म्हणून पंखाच्या मुळाशी रक्त बाहेर नेणाऱ्या रोहिण्या आणि परत आणणाऱ्या नीला एकमेकींना अगदी चिकटून असतात. बाहेर जाणारं गरम रक्त आपली ऊब परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. पंगतीत आत जाणारा आणि बाहेर येणारा वाढपी दारातच पातेल्यांची अदलाबदल करतात, तसं काहीसं. ऊब अंगातच राहते आणि पंखाच्या टोकापर्यंत पोचतं ते आधीच निवलेलं रक्त. जमिनीवर मात्र हाच व्यवहार उलटा करायचा असतो. मग तो पंख अंगापासून लांब धरून उभा राहतो, कातडीजवळच्या शिरा मोकळ्या सोडतो, पंखाची आतली बाजू गुलाबी होते. काचेमागे पंख पसरून, कुणाची वाट बघत असल्यासारखा उभा असलेला पेंग्विन दिसला तर तो बहुधा अंग वारवत असतो.

तिसरी एक सोय उष्णतेची नाही, मिठाची. तो समुद्राचं पाणी पितो आणि खारट मासे खातो. उरणच्या मिठागरात जे काम ऊन करतं ते याच्या डोळ्यांवरच्या दोन ग्रंथी करतात: रक्तातलं जास्तीचं मीठ दाट पाण्याच्या रूपात वेगळं काढतात. ते चोचीवरून ओघळतं, मग तो मान झटकतो. सर्दी नाही ती.

ऊन फार झालं की सगळ्यात सोपा उपाय बीळ. आणि बिळाची गोष्ट जरा दुःखाची आहे. पाऊसच पडत नसल्यामुळे पेरूच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची विष्ठा हजारो वर्षं वाहून न जाता साठत गेली होती. काही ठिकाणी तिचे थर कित्येक मीटर उंच होते. तिला ग्वानो म्हणतात. पेंग्विन या ग्वानोत बिळं खणायचे. आत सावली आणि गारवा, बाहेर कितीही ऊन असो. एकोणिसाव्या शतकात युरोपला कळलं की ग्वानो हे उत्तम खत आहे. १८४० नंतर जहाजंच्या जहाजं भरून तो नेला गेला, करारानं बांधून आणलेल्या चिनी मजुरांकडून तो खणवला गेला, आणि १८६४ मध्ये स्पेननं पेरूची चिंचा बेटं ताब्यात घेतली ती याच्यापायीच. पक्ष्याच्या शिटेवरून आरमारं हलली, असं इतिहासाच्या पुस्तकात वाचलं तर विनोद वाटेल. बेटं खरवडून खडकापर्यंत आणल्यावर पेंग्विनांना खणायला काही उरलं नाही. आज बरेचसे कपारीत किंवा उघड्यावरच अंडी घालतात, तिथं ऊन आहे आणि अंड्यांवर कुरव, म्हणजे सीगल, टपलेले आहेत. पेरूतल्या पुंता सान हुआन इथं ग्वानो राखण्यासाठी भूशिरावर भिंत बांधली, तिच्या आड पेंग्विनांची मोठी वसाहत टिकून राहिली. जगभरात आता प्रौढ हम्बोल्ट पेंग्विन चोवीसेक हजार असावेत असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ही जात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे.

आता भायखळा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, आणले गेले. ते पेरूहून पकडून आणलेले नव्हते, मत्स्यालयातले होते. ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी जंतुसंसर्गानं गेली आणि मुंबईत गदारोळ उठला. एवढा खर्च कशाला, इथल्या हवेत हे जगणार कसे, परत पाठवा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं आणि रांगा लागल्या. पेंग्विन हा शब्द राजकारणात टोमणा म्हणूनही रुळला, त्यात पक्ष्याचा काही दोष नाही.

आमच्या सोसायटीतले एक काका अजूनही म्हणतात, "फ्रीजमध्ये ठेवलेत बिचाऱ्यांना." दालनाचं तापमान सोळा ते अठरा अंश राखतात. फ्रीज त्याहून बराच थंड असतो. पण काकांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. हा पक्षी जर पेरूच्या उन्हात राहतो, तर त्याला एवढं गारेगार दालन का लागतं? जपानमध्ये हजाराहून जास्त हम्बोल्ट पेंग्विन प्राणिसंग्रहालयांत आहेत, युरोपात कित्येक ठिकाणी ते उघड्या तळ्याकाठी फिरतात.

एक उत्तर वर आलंच: उन्हात तापलेल्या अंगाला बुडी मारायला थंड पाणी लागतं, आणि इथं साधं नळाचं पाणीही मे महिन्यात कोमट येतं. दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काच आणि यंत्रं केवळ उष्णता अडवायला नाहीत. पावसाळ्यात आपल्या घरात काय होतं ते आठवा. चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, पापडाच्या डब्याला वास, कपाटातल्या पुस्तकांवर ठिपके. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सतत तरंगत असतात आणि दमट दिवसांत फोफावतात. आपण ते श्वासातून घेतो, खोकतो, विसरतो. पेंग्विनाची जात स्वच्छ समुद्री वाऱ्यात आणि कोरड्या खडकांवर घडली. बुरशीशी तिची ओळख नाही. शिवाय पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांत एकदा बुरशी रुजली की ती बाहेर काढणं फार कठीण. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पेंग्विनांचा मोठा शत्रू हाच रोग, ॲस्परजिलोसिस.

दुसरा शत्रू डास. पक्ष्यांना होणारा मलेरिया वेगळा, तो माणसाला होत नाही. पण तो पसरवतात डासच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१२ साली सहा हम्बोल्ट पेंग्विन या मलेरियानं मेले, आणि लंडन काही डासांसाठी प्रसिद्ध गाव नाही. संध्याकाळी पनवेलला खिडक्या लावून घेणाऱ्या माणसाला यापुढं काही समजावून सांगायला नको. आरिकाचा एक मिलिमीटर आणि आपले तीन हजार यांतलं अंतर त्या काचेनं आणि गाळलेल्या हवेनं भरून काढायचं असतं.

खाणं त्या मानानं सोपं. मासा नेहमी डोक्याकडून गिळायचा म्हणजे खवले आणि काटे घशात उलटे लागत नाहीत, हे प्रत्येक पेंग्विनाला उपजत कळतं. बर्फात ठेवलेल्या माशातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून प्राणिसंग्रहालयांत गोळी माशाच्या कल्ल्यात दडवून देतात. औषध गुळात लपवायची आपली जुनीच रीत. आत बर्फ असलाच तर तो या माशांच्या खोक्यात!

पेंग्विन ही जोडी जमवणारी मंडळी. नर-मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, साधारण दोन अंडी, चाळीस-बेचाळीस दिवस. मुंबईत फ्लिपर ही वयानं सगळ्यांत मोठी मादी आणि मिस्टर मोल्ट हा सगळ्यांत लहान नर यांचं जमलं. ५ जुलै २०१८ ला फ्लिपरनं अंडं दिलं आणि १५ ऑगस्टला पिल्लू बाहेर आलं. भारतात जन्मलेला तो पहिला पेंग्विन. आठवड्याभरात ते गेलं. पिल्लू अंड्यातून निघण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि पहिले दिवस त्यावर काढतं. या पिल्लाचा बलक नीट जिरलाच नव्हता, यकृतातही दोष होता. नंतर १ मे २०२१ ला डोनाल्ड आणि डेझी यांना ओरिओ झाला, त्याच ऑगस्टमध्ये फ्लिपर-मोल्टला ऑस्कर, आणि मग कुटुंब वाढतच गेलं. २०२५ मध्ये तीन पिल्लांची नावं नोडी, टॉम आणि पिंगू ठेवली, तेव्हा मराठी नावं का नाहीत अशी मागणीही झाली. माझ्या पुतणीचा सल्ला 'बंड्या' असा होता. तो कुणी विचारला नाही.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा एक पक्षी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. अवतार बघण्यासारखा: उसवलेल्या उशीतून कापूस डोकावावा तशी जागोजागी पिसं निघालेली, मानेवर एक झुबका लोंबतोय, पाठीवर मधेच नव्या काळ्याभोर पिसांचा चकचकीत तुकडा. पायाशी पिसांचा सडा. बाकीचे पाण्यात गिरक्या घेत होते, हा जागचा हलत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हळहळून "आजारी आहे हो," म्हटलं.

आजारी नव्हता. पेंग्विन वर्षातून एकदा सगळीच पिसं एकदम टाकतो. इतर पक्षी थोडी थोडी बदलतात, याला ते परवडत नाही. गोधडीला एक भोक असलं तरी थंड पाणी आत शिरणार. खालून नवं पीस वाढतं आणि जुन्याला बाहेर ढकलतं. हे दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही. रानात याचा अर्थ पूर्ण उपास, कारण जेवण समुद्रात. म्हणून आधी महिनाभर तो खाऊन खाऊन फुगतो आणि मग साठवलेल्या चरबीवर ताटकळत उभा राहतो. चिडकाही होतो. जवळून गेलेल्या दुसऱ्याला त्यानं आमच्यासमोर चोच मारली, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

तर पनवेलहून जाणार असाल तर कुर्ल्याला गाडी बदला, भायखळ्याला पूर्वेला उतरा. तिथून बाग चालत जाण्यासारखी आहे. शनिवार-रविवारी रांग फार, आणि बुधवारी बाग बंद असते. काचेवर टकटक करू नका. छातीवरचा काळा पट्टा एकच आहे का बघा. मॅजेलॅनिकला दोन असतात, हम्बोल्टला एक. कोपऱ्यात कुणी उसवलेल्या उशीसारखा उभा असेल तर घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा पाण्यात असेल.